त्रैराशिक : पाटीवरून पुस्तकात

गेल्या वर्षी सातवीत शिकणाऱ्या नातवाच्या वहीत एक उदाहरण होते. आठ मीटर कापडास १,२०० रुपये पडतात, तर पाच मीटरला किती? त्याने प्रथम एका मीटरची किंमत १५० रुपये काढली, तिला पाचाने गुणले आणि ७५० हे उत्तर लिहिले. तत्पूर्वीच मी ते तोंडी सांगून मोकळा झालो होतो. "कसं केलंत, आजोबा?" त्याने विचारले. मी म्हणालो, "त्रैराशिकाने. बाराशेला पाचाने गुणायचं आणि आठाने भागायचं." त्यावर तो म्हणाला, "पण आधी गुणायचं का?"

या 'का'ला माझ्याजवळ तत्काळ उत्तर नव्हते. छत्तीस वर्षे राज्य शासनाच्या कोषागारात आकड्यांशी संसार केलेल्या माणसाला ही गोष्ट बोचली. नियम मला ठाऊक होता, त्याचे कारण ठाऊक नव्हते. माध्यमिक शाळेच्या उंबरठ्यावरचे हे गणित आपल्याकडे कोणत्या वाटेने आले, याचा शोध मी त्या निमित्ताने घेतला.

आमच्या इंदूरच्या घरी तिन्हीसांजेला दिवा लागला की परवचा होत असे. शुभंकरोती, मग पाढे, आणि पाढ्यांनंतर पावकी, निमकी, पाउणकी, सवायकी, दिडकी, अडीचकी, औटकी. माझा जन्म १९५९चा, म्हणजे आणे-पै यांची सद्दी संपल्यावरचा. तरीही आजोबांनी औटकी सोडली नाही. शाळेत आमचे शिक्षण हिंदीतून चाले. तेथील वृद्ध गुरुजी औटकीला 'हूंठा' म्हणत आणि आम्हा मराठी मुलांना हसू येई. पुढे कळले की दोन्ही शब्द एकाच घरचे आहेत. संस्कृतातील 'अर्धचतुर्थ', म्हणजे ज्यातील चौथा अर्धाच आहे असे साडेतीन. त्याचे प्राकृतात 'अद्धुट्ठ' झाले आणि तेथून मराठीत 'औट', हिंदीत 'हूंठा'. संतांनी देहाला औट हातांचा म्हटले तेही याच मापाने. 'अडीच' हा शब्दही तसाच 'अर्धतृतीय' यातून आला आहे.

या अपूर्णांकांच्या पाढ्यांमागे व्यवहार उभा होता. रुपयाचे सोळा आणे, आण्याचे चार पैसे किंवा बारा पै. मणाचे चाळीस शेर, शेराचे ऐंशी तोळे. सारे व्यवहार पाव, अर्धा, पाऊण यांत चालत. साडेतीन आणे शेराने सात शेर जिन्नस घेतला, तर सातची औटकी साडेचोवीस. म्हणजे एक रुपया साडेआठ आणे. कागदाला हात लावण्याचे कारण नव्हते. पंतोजींच्या शाळेत धुळीच्या पाटीवर मुलगा शिके ते हेच : मोडी अक्षर आणि हिशेब. आपल्या वाचकांपैकी अनेकांच्या घराण्यांना येथे विसरून चालणार नाही. शिंदे-होळकरांच्या मागोमाग माळव्यात जी कुटुंबे आली, त्यांतील सर्वांच्या हाती तलवार नव्हती. फडणीस, मुजुमदार, पोतनीस ही आडनावेच सांगतात की कित्येकांना येथे आणले ते हिशेबाने.

त्रैराशिक मात्र पंतोजींच्याही फार आधीचे. इ. स. ४९९च्या आर्यभटीयात त्याचा नियम आहे. प्रमाण, फल आणि इच्छा अशा तीन राशी. फलाला इच्छेने गुणावे व प्रमाणाने भागावे म्हणजे इच्छाफल येते. आमच्या कापडाच्या उदाहरणात आठ मीटर हे प्रमाण, बाराशे हे फल, पाच मीटर ही इच्छा. भास्कराचार्यांनी ११५० साली सिद्धान्तशिरोमणी रचला. त्यातील 'लीलावती'त त्रैराशिक, व्यस्त त्रैराशिक, पंचराशिक, व्याज आणि क्षेत्रफळ यांची उदाहरणे आहेत. विष्णूने जसे विश्व व्यापले आहे तसे त्रैराशिकाने गणित व्यापले आहे, अशा आशयाचे त्यांचे विधान प्रसिद्धच आहे. भास्कराचार्यांच्या ग्रंथांच्या अध्ययनासाठी त्यांचे नातू चांगदेव यांनी खानदेशात चाळीसगावजवळील पाटण येथे मठ स्थापिला. तेथील १२०७च्या सुमाराचा शिलालेख डॉ. भाऊ दाजी यांनी उजेडात आणला.

सहावी-सातवीत मुलांना ऋण संख्या प्रथम भेटतात. त्यांचे नियम ब्रह्मगुप्ताने ६२८ साली मांडले, तेव्हा त्याने 'धन' आणि 'ऋण' हेच शब्द योजले. जवळ आहे ते धन, देणे आहे ते ऋण. हा शब्द व्यवहारातूनच आलेला असल्यामुळे आजचे मराठी पाठ्यपुस्तक तो वापरते तेव्हा मुलाला वेगळे स्पष्टीकरण द्यावे लागत नाही.

मग ज्याला शालेय गणित म्हणता येईल ते छापील पुस्तकात केव्हा आले? एल्फिन्स्टनसाहेबांच्या कारकिर्दीत मुंबईत शाळापुस्तके तयार करणारी मंडळी उभी राहिली. तिचे चिटणीस कॅप्टन जॉर्ज जर्व्हिस यांनी १८२०च्या दशकात हटन या इंग्रज गणितज्ञाच्या ग्रंथांच्या आधारे, शास्त्रीमंडळींच्या साहाय्याने, मराठी गणितपुस्तके सिद्ध केली. पुढे लोकमान्य टिळकांचे गुरू केरो लक्ष्मण छत्रे यांनीही शाळांसाठी पुस्तके लिहिली. आपल्या माळव्याचा वाटाही येथे नोंदला पाहिजे. भोपाळजवळ सीहोर येथे पोलिटिकल एजंट लॅन्सलॉट विल्किन्सन यांनी संस्कृत पाठशाळेत सिद्धान्तग्रंथांच्या आधारे गणित-ज्योतिष शिकविण्याचा उपक्रम केला. तेथील सुबाजी बापू यांनी १८३६ साली 'सिद्धान्तशिरोमणिप्रकाश' हा ग्रंथ मराठीत लिहिला. नागपुरात 'लीलावती' शिकलेले बापूदेव शास्त्री याच पाठशाळेतून १८४२ साली काशीच्या संस्कृत पाठशाळेत अध्यापक म्हणून गेले. महाराष्ट्राबाहेरील मराठी माणसाने केलेले हे काम आपल्याच घरांतून फारसे सांगितले जात नाही.

त्यानंतरच्या शंभर वर्षांत मराठी सातवीची व्हर्नाक्युलर फायनल म्हणजे नोकरीचा दरवाजा होता. व्याज, नफा-तोटा, काळ-काम-वेग आणि हौदाला लागलेले नळ यांवर मुलाचा चरितार्थ ठरे. तलाठी किंवा प्राथमिक शिक्षक व्हायचे तर त्रैराशिक चुकून चालत नसे. साहजिकच मुलाला हवे असे ते उत्तर, कारण नव्हे.

१ एप्रिल १९५७ रोजी दशमान नाणी आली आणि एका आण्याचे सव्वासहा नवे पैसे झाले. पाठोपाठ १९५८पासून टप्प्याटप्प्याने किलो, मीटर, लिटर आले. औटकीचे प्रयोजन त्या दिवशीच संपले. याबद्दल हळहळ वाटते, तरी तक्रार करता येत नाही. कारण दशांश चिन्ह एक घर सरकवणे हे सव्वासहाच्या हिशेबापेक्षा खचितच सोपे. १९६४-६६च्या कोठारी आयोगाने पहिल्या दहा इयत्तांत गणित सर्वांना आवश्यक ठरविले. गणित केवळ कारकुनासाठी न राहता नागरिकासाठी झाले. २००५च्या राष्ट्रीय अभ्यासक्रम आराखड्याने तर मुलाच्या विचारप्रक्रियेचे गणितीकरण हेच ध्येय सांगितले. आज सातवी-आठवीत गुणोत्तर, शेकडेवारी, समीकरणे आणि आलेख येतात. त्रैराशिक हे नाव मागे पडले, पण गुणोत्तर व प्रमाण या प्रकरणात ते जिवंत आहे.

आता नातवाच्या प्रश्नाकडे येतो. सात शेरांस तीन रुपये, तर एकवीस शेरांस किती? आधी भागले तर एका शेराला तीन सप्तमांश रुपया येतो, म्हणजे धड आणे नाहीत, पैही नाहीत. आधी गुणले तर त्रेसष्ट, त्याला सातांनी भागले की स्वच्छ नऊ रुपये. भागाकारातून निघणारा अपूर्णांक शेवटच्या पायरीवर ढकलायचा, एवढीच त्या नियमातली युक्ती. नातवाने केले ते आणि मी केले ते गणित एकच. फक्त पायऱ्यांचा क्रम निराळा.

हे कारण सांगण्याची परंपराही आपल्याकडे होतीच. कोकणातील नांदगावच्या गणेश दैवज्ञांनी १५४५ साली 'लीलावती'वर लिहिलेल्या 'बुद्धिविलासिनी' टीकेत नियमांच्या उपपत्ती दिल्या आहेत. पाटीपर्यंत येताना नियम तेवढा आला, उपपत्ती वाटेत गळाली. ती आजच्या शाळेने परत आणली, याचे श्रेय तिला मोकळेपणाने दिले पाहिजे.

उणे झाले आहे ते दुसरेच. नातवाला रीत समजते, पण 'एकोणसाठ' म्हटले की तो माझ्या तोंडाकडे पाहतो. महाराष्ट्रात २०१९ साली दुसरीच्या पुस्तकात 'सत्तावीस'सोबत 'वीस सात' असे वाचन सुचविले गेले, तेव्हा मोठा वाद झाला. मुलांची अडचण खरी होती, हे मी नातवावरून जाणतो. महाराष्ट्रात निदान वाद तरी झाला. आपल्या घरांतून हे शब्द चकार शब्दही न निघता चालले आहेत. शाळा ते शिकविणार नाही, आणि तिचे ते कामही नव्हे.

म्हणून आम्ही आजोबा-नातवांनी एक करार केला आहे. दिवेलागणीला तो माझ्याबरोबर मराठीतून पाढे म्हणतो, तीसपर्यंत. प्रत्येक पाढा झाला की त्याला एक 'का' विचारण्याची मुभा आहे. उत्तर आले नाही, तर दुसऱ्या दिवशी ते शोधून आणण्याची जबाबदारी माझी.