वंशावळीचे कूळ

जुन्या मराठी घरांतून मलमली रुमालात बांधून ठेवलेली जी वंशावळ आढळते, तिच्या शिरोभागी मूळ पुरुषाचे नाव आणि त्याखाली पुत्रपौत्रांचा सात-आठ पिढ्यांचा विस्तार पाहिला, म्हणजे ती कोणा भाविक वंशजाने पितृभक्तीने रचली असावी असे सहजच वाटते. परंतु पितृभक्तीला एवढ्या पिढ्यांची गरज कधीच नव्हती. श्राद्धात पितृकुळातील पिता, पितामह आणि प्रपितामह या तिघांचा उच्चार झाला की पुरे होते; चौथ्याचे नाव स्मरले नाही म्हणून धर्मकृत्य अडत नाही. आठव्या पिढीची चौकशी केली ती दरबाराने, आणि दरबारापर्यंत आमचे पूर्वज गेले ते बहुधा भाऊबंदकीमुळे.

पाटीलकी, कुलकर्ण, देशमुखी ही वतने वंशपरंपरेने चालत, आणि त्यांच्याबरोबर मानपानही चाले. होळीला पहिली पोळी कोणाची, पोळ्याला कोणाचे बैल पुढे, शिक्का कोणाचा, यांवरून थोरल्या आणि धाकट्या घरांत पिढ्यान्‌पिढ्या तंटे होत; आणि वडीलपण सिद्ध करावयाचे म्हणजे मूळ पुरुषाला किती पुत्र, कोणाचा वंश पुढे चालला, कोणाचा नकल, म्हणजे निर्वंश, झाला, हे सांगणे ओघानेच येई. वादी-प्रतिवादी आपापला करीना, म्हणजे घराण्याची हकिकत, लिहून देत. त्यात दुष्काळात ओस पडलेले गाव, परागंदा झालेला चुलता, अज्ञान मुलांच्या नावे गुमास्त्याने चालवलेले वतन, असे पुष्कळ काही येई. या हकिकती वाचताना एक सावधगिरी मात्र बाळगावी: दावेदाराला जेवढे सिद्ध करावयाचे तेवढेच तो लिहितो, आणि प्रतिपक्षाच्या शाखेचा निर्वंश झाल्याचे तर तो काहीशा उत्साहानेच लिहितो.

गोतसभेपुढे साक्षी होऊन निवाडा झाला म्हणजे त्याचा लेख, म्हणजे महजर, होई. साक्षीपुराव्याने उलगडा झाला नाही, तर क्वचित दिव्य करवीत; उकळत्या तेलातून धातूचा रवा हाताने काढावयाचा आणि पुढे हात पाहून खऱ्याखोट्याचा निर्णय करावयाचा. महजराच्या शेवटी जमलेल्या गोताची नावे असत, आणि ज्यांना अक्षर येत नसे त्यांच्या नावाशेजारी त्यांच्या व्यवसायाची निशाणी काढलेली असे: पाटलाचा नांगर, वाण्याचा तराजू, न्हाव्याचा आरसा, स्त्रीची बांगडी. ज्याच्या नावे एक बिघा जमीन नव्हती आणि ज्याचा कोणताही दावा नव्हता, असा एखादा न्हावी दुसऱ्याच्या तंट्यात साक्षीला उभा राहिला एवढ्याचसाठी आज आपल्याला नावानिशी भेटतो. माझ्या मते आमच्या साऱ्या दप्तरांत या ओळींइतके मोलाचे काही नाही.

कागद सापडला तरी त्याचा काळ ठरवणे हे निराळेच काम आहे. मराठेशाहीतील पुष्कळ कागदांवर सुहूर सन असतो आणि तोही अरबी संख्यावाचक शब्दांत. ‘इहिदे सितैन मया व अलफ’ म्हणजे एक, साठ, शंभर आणि हजार, अर्थात ११६१. सुहूर सन मृग नक्षत्रापासून, म्हणजे जूनच्या आरंभापासून मोजतात. त्यामुळे डिसेंबरपर्यंत ५९९ आणि पुढे मेअखेर ६०० मिळवले की इसवी सन निघतो. हे ११६१ चे वर्ष जून १७६० ते मे १७६१ असे, म्हणजे पानिपताचेच वर्ष येते.

१८१८ साली पेशवाई बुडाली आणि पुण्याचे दप्तर कंपनी सरकारच्या हाती आले. पुढे १८५२ च्या अकराव्या कायद्याने इनाम कमिशनला अधिकार मिळाले, आणि इनाम कोणी दिले, कोणाला दिले व आज भोगणारा त्याचा कोण, असे प्रश्न घरोघर विचारले गेले. उत्तरादाखल इनामदारांनी कैफियती दिल्या आणि त्यांना वंशावळी जोडल्या. ज्यांचा पुरावा अपुरा ठरला त्यांची इनामे खालसा झाली.

ज्यांना वतन नाही की इनाम नाही, त्यांनी काय करावे? त्यांनी तहसील कचेरीचे अभिलेख पाहावेत. गाव नमुना क्रमांक १४ मध्ये जन्ममृत्यूची नोंद सापडते, आणि १९०३ च्या कायद्याने हक्कनोंदणी सुरू झाल्यावर फेरफाराच्या वहीत मयताचे वारस येतात. महजरात बांगडीपुरती दिसणारी स्त्री येथे मयताची विधवा म्हणून नावाने येते. नाशिक-त्र्यंबकच्या तीर्थोपाध्यायांच्या वह्याही पाहाव्यात, कारण यजमानाने गाव, भाऊ, मुले यांची नावे तेथे स्वहस्ते लिहिलेली असतात. ही तरी निखळ श्रद्धेची नोंद असेल असे वाटते खरे. पण यजमानकृत्य हीसुद्धा वतनासारखी वृत्तीच होती, आणि वहीतला लेख हा उपाध्यायाने आपल्या भाऊबंदाविरुद्ध जपून ठेवलेला पुरावा होता!

२०२३ साली न्यायमूर्ती संदीप शिंदे यांची समिती जातीच्या दाखल्यांसाठी मराठवाड्यातील कुणबी नोंदी शोधू लागली, तेव्हा पणजोबांच्या नावासाठी लोकांनी कचेऱ्या गाठल्या आणि जुन्या कागदांची मोडी लिपी वाचणाऱ्यांना एकाएकी मागणी आली. वंशावळ पुन्हा सरकारनेच मागितली होती. तेव्हा ज्यांच्या माळ्यावर असे रुमाल अजून असतील, त्यांनी अक्षर लागत नाही म्हणून ते रद्दीत घालू नयेत. पुण्याचे भारत इतिहास संशोधक मंडळ किंवा धुळ्याचे राजवाडे संशोधन मंडळ यांच्याकडे विचारणा करावी, आणि जमल्यास घरातील एकाने तरी मोडी शिकावी.