देहाचा जमाखर्च : निरगुडसरच्या मुलखातील अन्न, श्रम आणि आरोग्य

पश्चिमेस भीमाशंकराच्या डोंगरमाथ्यावर आषाढ-श्रावणात पावसाची झड थांबत नाही आणि पूर्वेस काही कोसांवर शेतकरी त्याच पावसाच्या एका सरीकरिता आभाळाकडे डोळे लावून बसतो, अशा पुणे जिल्ह्यातील आंबेगाव तालुक्याच्या पूर्वभागात, घोड आणि मीना या नद्यांच्या खोऱ्यात निरगुडसर वसले आहे. इंग्रजी अमदानीत आंबेगाव हा खेड तालुक्याचा पेटा होता. जमिनीची प्रतवारी, साऱ्याची आकारणी, वसूल आणि बाकी यांचा तपशील सरकारी दप्तरात बारकाईने नोंदला जात असे. परंतु ती जमीन कसणाऱ्या देहाच्या वाट्याला काय येते, त्याची झीज किती आणि भर किती, हे तपासण्याची निकड दुष्काळ दाराशी येईपर्यंत कोणाला भासली नाही.

या मुलखाचे अन्न साधे होते. पूर्वेकडील कोरडवाहू पट्ट्यात बाजरीची भाकरी, तिच्या जोडीला हुलगा किंवा मटकी, मिरची-लसणाचा ठेचा आणि कांदा; पश्चिमेकडील डोंगराळ भागात नाचणी, वरई आणि भात. धान्य सकस होते, कडधान्याने त्याला पूर्णता येत होती आणि मोट, नांगर व कुळव यांच्यामागे दिवसभर राबणाऱ्या माणसाला ते मानवतही होते. न्यून होते ते परिमाणात आणि सातत्यात. कारण सुगीनंतर भरलेली कणगी वैशाखात तळ दाखवी, आणि श्रमाचा भार मात्र लगेच पुढे येणाऱ्या पेरणीच्या दिवसांत सर्वाधिक असे.

अन्न आणि श्रम यांच्या या संबंधाची कसोटी 1876-77 च्या भीषण दुष्काळात लागली. हिंदुस्थान सरकारचे दुष्काळ-प्रतिनिधी सर रिचर्ड टेंपल यांनी 1877 च्या आरंभी दुष्काळी कामावरील मजुराला दिवसाकाठी एक पौंड, म्हणजे सुमारे साडेचारशे ग्रॅम धान्य आणि वर किरकोळ पैसे एवढीच मजुरी पुरेशी आहे असे ठरविले. खडी फोडणाऱ्या, माती वाहणाऱ्या देहाला इतक्यावर तग धरता येणार नाही, त्याला धान्य अधिक हवे आणि त्याबरोबर डाळ व भाजीपाला हवा, असा प्रतिवाद मद्रासचे आरोग्याधिकारी डॉ. कॉर्निश यांनी केला. दख्खनमधील हजारो मजुरांनी तर कामे सोडून आपला निषेध प्रत्यक्ष कृतीने नोंदविला, आणि पुण्याच्या सार्वजनिक सभेने त्यांचा कैवार घेतला. देहाकडून किती काम घ्यावयाचे हे ज्याने ठरविले, त्यानेच त्या देहाला किती अन्न लागते याचाही हिशेब दिला पाहिजे, हे तत्त्व या उपाशी माणसांच्या कृतीतूनही उच्चारले गेले.

या दारिद्र्यातच गावोगावच्या तालमींनी बलोपासनेची परंपरा जतन केली. तांबड्या मातीत तेल, ताक, हळद आणि कापूर कालवून हौद सिद्ध करावयाचा, पहाटे लंगोट कसून जोर-बैठका काढावयाच्या, वस्तादाच्या नजरेखाली डाव घोटावयाचे आणि मग दूध, तूप व बदामाची थंडाई असा खुराक घ्यावयाचा, हा तेथील नित्यक्रम. यात्रेच्या आखाड्यात वजनकाट्याला स्थान नव्हते. पंच दोघा मल्लांना शेजारी उभे करीत, अंगलोट न्याहाळीत आणि जोड लावीत. गोळेश्वरच्या खाशाबा जाधवांनी 1952 साली हेलसिंकी ऑलिंपिकमध्ये कुस्तीचे कांस्यपदक मिळविले ते 57 किलो वजनाच्या गटात, आणि वजन व सामर्थ्य या दोन गोष्टी भिन्न आहेत हे जगापुढे सिद्ध केले. परंतु खुराकाचा खर्च पेलणारी घरे थोडी होती. म्हणूनच ज्याला साहित्य लागत नाही आणि पैसाही लागत नाही त्या सूर्यनमस्काराचा प्रसार करण्यासाठी औंधचे अधिपती भवानराव पंतप्रतिनिधी यांनी जे अविरत परिश्रम केले, त्यांचे मोल विशेष मानले पाहिजे.

तथापि तालमीच्या या इतिहासात अर्धा गाव कोठेच दिसत नाही. पहाटे जात्यावर बसून दळण दळणारी, डोक्यावर हंडा आणि कमरेवर कळशी घेऊन विहिरीच्या पायऱ्या चढणारी, दिवसभर खुरपणी करून सांजेला सरपणाची मोळी घरी आणणारी आणि सर्वांची ताटे वाढून झाल्यावर टोपलीच्या तळाशी उरलेली भाकरी खाणारी स्त्री तालमीतल्या मल्लाइतकीच घाम गाळीत होती; मात्र तिच्या श्रमाला व्यायाम हे नाव नव्हते आणि खुराक तर नव्हताच. 1972 च्या दुष्काळात रोजगाराच्या कामावर सुकडी आणि परदेशी मिलो यांवर दिवस काढीत खडी फोडणाऱ्यांत अशा स्त्रिया मोठ्या संख्येने होत्या.

या उपेक्षेची शास्त्रशुद्ध मोजदाद व्हावयास विसाव्या शतकाचे शेवटचे दशक उजाडावे लागले. पुण्याच्या केईएम रुग्णालयातील डॉ. चित्तरंजन याज्ञिक आणि त्यांचे सहकारी यांनी 1993 पासून पुण्याजवळच्या सहा खेड्यांतील स्त्रियांचा गर्भारपणाआधीपासून अभ्यास केला. या मातांचे वजन सरासरी 42 किलोच्या आसपास होते. त्यांची बाळे जन्मतः सरासरी 2.7 किलोंची, तर इंग्लंडमधील साउदॅम्प्टनची बाळे 3.5 किलोंची. पालेभाज्या, फळे आणि दूध ज्यांच्या आहारात वारंवार येत होते त्यांची बाळे अधिक वजनाची निपजली. ज्यांच्यावर शेतीच्या आणि घरच्या कष्टांचा भार अधिक होता त्यांची हलकी. विस्मयाची गोष्ट अशी की या किरकोळ बाळांचे स्नायू आणि पोट इंग्रज बाळांहून पुष्कळच लहान असूनही पाठीवरच्या त्वचेखालची चरबी मात्र त्या मानाने फारशी उणी नव्हती. 2004 साली डॉ. याज्ञिक आणि त्यांचे इंग्रज सहकारी डॉ. युडकिन यांनी स्वतःचीच मोजमापे प्रसिद्ध केली. उंचीच्या मानाने वजनाचा निर्देशांक दोघांचाही 22.3, पण युडकिन यांच्या देहात चरबी 9.1 टक्के आणि याज्ञिक यांच्या देहात 21.2 टक्के.

इकडे निरगुडसरच्या मुलखात डिंभे धरणाचे पाणी कालव्यांनी फिरले, पारगावला भीमाशंकर सहकारी साखर कारखाना उभा राहिला, बाजरीच्या रानात ऊस आला, जात्याची जागा गिरणीने आणि पायवाटेची जागा मोटारसायकलने घेतली. ही समृद्धी कष्टाने मिळविलेली आहे आणि तिचे स्वागतच केले पाहिजे. परंतु आईच्या उदरात तुटीवर पोसलेला देह पुढे मुबलक साखर, तेल आणि बैठे जीवन यांच्या स्वाधीन झाला, तर काट्यावर सडपातळ ठरणाऱ्या माणसालाही मधुमेह गाठतो. कारण देहाच्या जमाखर्चातील जुनी बाकी उशिरा आलेल्या सुबत्तेने फिटत नाही.

म्हणून या मुलखाला स्वतःच्या इतिहासातून काही बोध घ्यावयाचा असेल, तर तो घरापासून घ्यावा. मुलीच्या ताटात दूध, डाळ आणि भाजी मुलाच्या बरोबरीने पडली पाहिजे, गरोदर सुनेच्या कष्टांचा वाटा घरातील इतरांनी उचलला पाहिजे आणि ज्यांचे श्रम यंत्राने हलके केले त्यांनी रोज आपखुशीने घाम गाळला पाहिजे. ही तिन्ही कर्तव्ये एकाच घरात, एकाच वेळी पाळता येतात. आणि त्यांचे फळ पुढच्या पिढीच्या जन्माआधीच मिळू लागते.