सिंदिया, १९२३ : कंपनी विकायची की समुद्र सोडायचा?

तेजीत चढ्या मूल्यांकनावर भांडवल उभारायचे आणि मंदी आली की त्याहून कमी मूल्यांकनावर पुन्हा गुंतवणूकदारांच्या दारी जायचे, याला आजचे स्टार्टअप-विश्व ‘डाउन राउंड’ म्हणते. शब्द नवा, पेच जुना. शंभर वर्षांपूर्वी सोलापूरशी नाते असलेल्या दोन उद्योजकांपुढे तो उभा राहिला होता.

वालचंद हिराचंद यांचा जन्म १८८२ चा, सोलापूरचा. घरचा व्यापार सोडून त्यांनी लक्ष्मणराव फाटक यांच्या भागीदारीत बार्शी लाइट रेल्वेच्या कामाची कंत्राटे घेतली. नरोत्तम मोरारजी मुंबईचे. पण त्यांचे वडील मोरारजी गोकुळदास यांनी सोलापुरात काढलेली कापडगिरणी म्हणजेच सोलापूरकरांची ‘जुनी मिल’.

पहिल्या महायुद्धात जहाजांचा तुटवडा पडला आणि मालवाहतुकीचे दर भडकले. १९१९ मध्ये या दोघांनी किलाचंद देवचंद आणि लल्लूभाई सामळदास यांना सोबत घेऊन ग्वाल्हेरच्या शिंदे महाराजांचे ‘लॉयल्टी’ हे जहाज विकत घेतले. मूळची ही ‘एम्प्रेस ऑफ इंडिया’. युद्धकाळात ती रुग्णालय-जहाज होती. कंपनीचे नाव पडले सिंदिया स्टीम नॅव्हिगेशन. अधिकृत भांडवल साडेचार कोटी रुपये, त्या काळी डोळे दिपवणारा आकडा! ५ एप्रिल १९१९ रोजी ‘लॉयल्टी’ मुंबईहून लंडनकडे निघाली.

मेख इथेच होती. भांडवल तेजीतले होते आणि जहाजांची खरेदीही तेजीच्याच भावाने झाली होती. जहाजाची किंमत त्याच्या लोखंडावर ठरत नाही. ते किती भाडे मिळवील यावर ठरते. १९२० नंतर जगभर भाडी कोसळली. वहीत जहाजे जुन्या भावाने उभी होती, बाजार मात्र ती नव्या भावाने मोजत होता.

त्यात प्रतिस्पर्धी होता लॉर्ड इंचकेप यांचा पी अँड ओ आणि ब्रिटिश इंडिया कंपन्यांचा समूह. रंगून ते मुंबई तांदळाचे भाडे टनामागे १८ रुपयांवरून ६ रुपयांवर उतरवले गेले. व्यापाऱ्यांना बांधून ठेवण्याची युक्ती तर अधिक धूर्त होती. भाड्यातील सूट लगेच द्यायची नाही, काही महिने अडकवून ठेवायची. मधल्या काळात दुसऱ्याच्या जहाजातून माल पाठवला की ती बुडाली. १९०६ मध्ये चिदंबरम पिळ्ळै यांनी तुतिकोरिनला काढलेली स्वदेशी जहाज कंपनी अशाच दरयुद्धात जेरीस आली होती.

आता वाटा किती उरल्या? नवे समभाग काढावेत, तर पडत्या बाजारात ते स्वस्तात द्यावे लागणार आणि जुन्या भागधारकांचा हिस्सा आटणार. तोटा सोसत राहावे, तर तिजोरीचा तळ दिसणार. तिसरी वाट खुद्द इंचकेप यांनी पुढे ठेवली : कंपनीच विकून टाका. संचालकांनी ती नाकारली.

१९२३ मध्ये दहा वर्षांचा करार झाला. सिंदियाला किनारी मालवाहतुकीत जागा मिळाली. बदल्यात ताफ्यावर मर्यादा आली आणि परदेशी मार्ग सोडावे लागले. ज्या कंपनीची पहिली फेरी लंडनची, तिने समुद्रच सोडून दिला. हिस्सा हातात राहिला, पण किंमत मार्गांमध्ये मोजावी लागली. आजच्या गुंतवणूक करारांतही मूल्यांकनाच्या आकड्यापेक्षा त्याखालच्या अटीच पुष्कळदा महाग पडतात. त्याच वर्षी ‘लॉयल्टी’ मोडीत निघाली.

हा करार शरणागती होता काय? अटी अपमानकारक होत्या, यात शंका नाही. पण त्याच तेजीत निघालेल्या बहुतेक देशी जहाज कंपन्या बुडाल्या आणि सिंदिया टिकली, हेही तितकेच खरे. किनारी वाहतूक भारतीय जहाजांसाठी राखून ठेवण्याचे साराभाई हाजी यांचे १९२८ चे विधेयक कायदा होऊ शकले नाही. लढा मात्र थांबला नाही. १९२९ मध्ये नरोत्तम मोरारजी वारले आणि अध्यक्षपद वालचंदांकडे आले. १९३७ मध्ये कंपनी हज यात्रेकरूंच्या वाहतुकीत उतरली. विशाखापट्टणमला तिने उभारलेल्या गोदीतून १४ मार्च १९४८ रोजी पंडित नेहरूंच्या हस्ते ‘जलउषा’ पाण्यात उतरली, तेव्हा वालचंद पासष्ट वर्षांचे होते.