अनइन्स्टॉलची कुळकथा

संगणकात एखादा प्रोग्राम घालायची सोय पहिल्या दिवसापासून होती. तो काढायची सोय फार उशिरा आली, आणि तीही प्रत्येक वेळी कुणीतरी मागितली म्हणून. आज यादी उघडायची, नावावर क्लिक करायचं, 'अनइन्स्टॉल' म्हणायचं, हे इतकं अंगवळणी पडलंय की त्यामागे कोर्टकचेऱ्या झाल्या आहेत हे कुणाच्या गावीही नसतं.

या घराण्याचा मूळ पुरुष शोधायचा तर १९७०च्या दशकाच्या सुरुवातीला जावं लागतं. अमेरिकेतल्या बीबीएन या कंपनीत बॉब थॉमस यांनी 'क्रीपर' नावाचा एक प्रोग्राम लिहिला. अर्पानेट या इंटरनेटच्या पूर्वजावरच्या पीडीपी-१० यंत्रांमध्ये तो एका यंत्रावरून दुसऱ्यावर जायचा आणि आपण आल्याची एक ओळ छापायचा. नुकसान काही करत नसे, पण त्याला बोलावलंही कुणी नव्हतं. ईमेलच्या पत्त्यात @ हे चिन्ह आणणारे रे टॉमलिन्सन त्याच कंपनीत होते. त्यांनी 'रीपर' लिहिला. हा दुसरा प्रोग्राम पहिल्याच्या मागावर नेटवर्कभर फिरायचा आणि सापडेल तिथे त्याला पुसून टाकायचा. नको असलेलं सॉफ्टवेअर काढण्यासाठीच लिहिलेलं हे बहुधा पहिलं सॉफ्टवेअर.

घरगुती संगणक आले तेव्हा काही वर्षं या गोष्टीची गरजच भासली नाही. डॉसमध्ये एक प्रोग्राम म्हणजे साधारणपणे एक फोल्डर. फ्लॉपीवरून कॉपी केला की झाला इन्स्टॉल, आणि फोल्डर पुसलं की गेला. १९९३ साली आलेल्या डॉस ६मध्ये 'डेलट्री' ही आज्ञा मिळाली, तिने आतल्या सगळ्या फोल्डरांसकट फांदीच्या फांदी उडवता येऊ लागली. फार तर ऑटोएक्झेक आणि कॉन्फिग या दोन फायलींमधली एखादी ओळ हाताने खोडायची.

घोळ सुरू झाला तो विंडोज ३.१ घरोघरी पोचल्यावर. आता प्रोग्राम एका जागी राहीना. थोडा स्वतःच्या फोल्डरमध्ये, थोडा विंडोजच्या सिस्टिम फोल्डरमध्ये, चार ओळी विन डॉट आयएनआय या फाइलमध्ये, दोन सिस्टिम डॉट आयएनआयमध्ये. शिवाय अनेक प्रोग्राम मिळून एकच डीएलएल फाइल वापरत. व्हिज्युअल बेसिक ३मध्ये लिहिलेल्या प्रोग्रामांना 'व्हीबीरन३००' नावाची फाइल लागायची. एक प्रोग्राम नको म्हणून तुम्ही ती पुसलीत, तर ती वापरणारे बाकीचे सगळे बंद. आणि पुसली नाहीत, तर पुढे कधीतरी कुणालाच नको असलेल्या फायलींनी डिस्क भरून जाणार. तेव्हाच्या डिस्का काही गिगाबाइटांच्या नव्हत्या, शंभर-दोनशे मेगाबाइट म्हणजे चंगळ. या अडचणीवर मायक्रोहेल्प कंपनीने 'अनइन्स्टॉलर' नावाचं पॅकेज विकायला काढलं, क्वार्टरडेकने 'क्लीनस्वीप' आणलं. म्हणजे एक सॉफ्टवेअर काढण्यासाठी दुसरं विकत घ्यायचं, आणि लोक ते आनंदाने घेत होते, कारण दुसरा इलाज नव्हता.

मग २४ ऑगस्ट १९९५ रोजी विंडोज ९५ आलं आणि त्याच्या कंट्रोल पॅनलमध्ये 'अ‍ॅड/रिमूव्ह प्रोग्राम्स' हे चिन्ह दिसलं. त्याच्या पोटात काय होतं ते बघण्यासारखं आहे. विंडोजच्या रजिस्ट्रीत, म्हणजे सेटिंगांच्या नोंदवहीत, 'अनइन्स्टॉल' नावाचा एक कप्पा ठेवलेला होता. प्रत्येक प्रोग्रामने इन्स्टॉल होताना तिथे आपल्या नावाचा खण उघडायचा आणि त्यात मुख्यतः दोन गोष्टी लिहायच्या. एक, यादीत दिसायचं नाव. दोन, मला काढायचं असेल तर कोणती आज्ञा चालवायची ती ओळ. तुम्ही यादीतल्या नावावर बटण दाबलं की विंडोज ती ओळ जशीच्या तशी चालवायचं. प्रोग्राम कसा काढायचा हे खुद्द विंडोजला ठाऊकच नव्हतं. काढण्याचं काम ज्याने प्रोग्राम विकला त्याच्यावरच सोपवलेलं होतं. इलिनॉयमध्ये विरेश भाटिया यांनी सहसंस्थापक म्हणून उभ्या केलेल्या कंपनीचं 'इन्स्टॉलशील्ड' या कामात सर्वांत गाजलं. इन्स्टॉल करताना केलेली प्रत्येक गोष्ट ते एका फाइलीत नोंदवून ठेवायचं आणि काढताना ती नोंद पाहून केलेलं सगळं परत उलटवायचं. समाईक डीएलएलसाठी रजिस्ट्रीत मोजदाद असे, किती प्रोग्राम ही फाइल वापरतात याची. आकडा शून्यावर आला की पडद्यावर प्रश्न यायचा, ही फाइल आता कुणी वापरत नाही, काढू का? हा प्रश्न पाहून भलेभले बिचकत आणि 'नको' म्हणत.

मायक्रोसॉफ्टने त्या वेळी एक अट घातली. खोक्यावर 'डिझाइन्ड फॉर विंडोज ९५'चं बोधचिन्ह छापायचं असेल, तर प्रोग्राम काढण्याची सोय दिलीच पाहिजे. माझ्या मते या कथेतला हा सर्वांत मोलाचा निर्णय. विकणाऱ्याला आपला माल बाहेर काढून देण्यात काडीचाही रस नसतो. पण दुकानातल्या फळीवर ते चिन्ह नसलेलं खोकं मागे पडणार, या एका भीतीने हजारो प्रोग्रामांना बाहेरची वाट मिळाली. लिनक्सच्या डेबियन मंडळींनी हाच प्रश्न अधिक नेटका सोडवला होता. तिथे कुठल्या पॅकेजने कोणती फाइल ठेवली याची वही यंत्रणा स्वतःच राखते, आणि 'रिमूव्ह' म्हटलं तर सेटिंग मागे ठेवते, 'पर्ज' म्हटलं तर तीही काढते. विकणाऱ्याच्या भल्या बुद्धीवर तिथे काही सोडलेलं नाही.

विंडोजमधली ती यादी पुढे थेट अमेरिकेच्या न्यायालयात गेली. वाद इंटरनेट एक्स्प्लोरर या ब्राउझरचा होता. मायक्रोसॉफ्टचं म्हणणं, ब्राउझर हा विंडोजचाच भाग आहे, तो वेगळा काढता येत नाही. १९९७च्या डिसेंबरात न्यायमूर्ती थॉमस पेनफिल्ड जॅक्सन यांनी न्यायालयातच एका संगणकावर हे करवून पाहिलं. 'अ‍ॅड/रिमूव्ह'च्या यादीतून ब्राउझर दीड मिनिटाच्या आत गेला. पुढच्या वर्षी विंडोज ९८ आलं, आणि त्या यादीत इंटरनेट एक्स्प्लोररचं नावच नव्हतं. मक्तेदारीचा मोठा खटला उभा राहिल्यावर प्रिन्स्टन विद्यापीठाचे एडवर्ड फेल्टन यांनी ब्राउझर काढून दाखवणारा प्रोग्राम लिहून सरकारच्या बाजूने साक्ष दिली. त्या प्रोग्रामने विंडोज बिघडतं हे पटवायला कंपनीने चित्रफीत सादर केली, आणि तिच्यातल्या विसंगती सरकारी वकील डेव्हिड बॉइज यांनी भर कोर्टात चव्हाट्यावर आणल्या. २८ जून २००१ रोजी अपील न्यायालयाने कंपनीचे दोन तुकडे करण्याचा खालच्या न्यायालयाचा आदेश रद्द केला, पण ब्राउझरला त्या यादीतून वगळणं बेकायदा ठरवलं. महिन्याभरातच कंपनीने जाहीर केलं की विंडोज एक्सपीच्या यादीत इंटरनेट एक्स्प्लोरर असेल. कंट्रोल पॅनलमधली एक ओळ, आणि ती असावी की नसावी यावर अपील न्यायालयाचा निकाल!

आपल्याकडे त्या काळात यादीबिदीच्या भानगडीत कुणी फारसं पडत नसे. संगणक मंदावला, व्हायरस शिरला, कसलीशी खिडकी सारखी उघडतेय, सगळ्यावर एकच औषध: 'फॉरमॅट मारून घ्या'. मुंबईच्या लॅमिंग्टन रोडपासून तालुक्याच्या गावातल्या दुरुस्तीच्या दुकानापर्यंत हाच मंत्र. नको ते जायचंच, पण हवे असलेले फोटो, हिशेब, कुणाचा तरी अर्धा प्रबंधही जायचा. हे असं होऊ नये म्हणून झटणाऱ्यांत दोन मराठी भाऊ होते. कैलास काटकर पुण्यात कॅल्क्युलेटर दुरुस्त करत करत संगणकदुरुस्तीकडे वळले. दुरुस्तीला आलेली यंत्रं व्हायरसने भरलेली असत. धाकटे बंधू संजय यांनी ते काढणारे प्रोग्राम लिहिले आणि त्यांतून 'क्विक हील' उभं राहिलं.

यानंतरचा काळ सर्वांत वाईट. काढता येऊ नये म्हणूनच लिहिलेलं सॉफ्टवेअर आता नामांकित कंपन्यांकडून येऊ लागलं. ३१ ऑक्टोबर २००५ रोजी विंडोजचे जाणकार मार्क रुसिनोविच यांनी आपल्याच संगणकावर सापडलेली एक गोष्ट जाहीर केली. सोनी बीएमजीची गाण्यांची सीडी त्यांनी विकत घेऊन संगणकावर लावली होती. तिने गुपचूप एक प्रोग्राम बसवला होता, आणि '$sys$' या अक्षरांनी सुरू होणारी कुठलीही फाइल तो विंडोजला दिसूच देत नव्हता. यादीत नाव नाही, काढायची सोय नाही. रुसिनोविच यांनी तो हाताने उपटला, तर सीडी ड्राइव्हच गायब झाला, कारण प्रोग्रामने स्वतःला ड्राइव्ह चालवणाऱ्या ड्रायव्हरांच्या साखळीत गुंतवून ठेवलं होतं. रजिस्ट्रीतल्या त्या कड्या एकेक सोडवल्यावर ड्राइव्ह परत आला. हे करू शकणारी माणसं जगात हाताच्या बोटांवर मोजण्याइतकी, आणि अशा सीड्या विकल्या गेल्या होत्या सुमारे २१ लाख. ओरड झाल्यावर कंपनीने काढण्याचं साधन दिलं. तेच फेल्टन आणि त्यांचे सहकारी अ‍ॅलेक्स हॉल्डरमन यांनी ते तपासलं, तेव्हा ते साधन चालवल्यावर संगणकात आणखी मोठं भगदाड पडतं असं आढळलं. शेवटी सीड्या बाजारातून परत घ्याव्या लागल्या.

२०१५मध्ये लेनोवोच्या लॅपटॉपांवर आधीपासून घालून दिलेल्या 'सुपरफिश'ने हाच धडा पुन्हा दिला. ते अनइन्स्टॉल केलं तरी त्याने विंडोजमध्ये रुजवलेलं मूळ सुरक्षा-प्रमाणपत्र तसंच राहायचं. भाडेकरू गेला, पण घराची किल्ली त्याच्याकडेच राहिली, असा तो प्रकार.

रुसिनोविच यांची कंपनी २००६मध्ये मायक्रोसॉफ्टने घेतली आणि पुढे ते तिच्या 'अ‍ॅझ्युअर' या क्लाउडचे तंत्रप्रमुख झाले. क्लाउडने या कथेला वेगळंच वळण दिलं. अ‍ॅमेझॉनने २००६मध्ये तासाच्या दराने संगणक भाड्याने द्यायला सुरुवात केली, २०१३मध्ये प्रोग्राम त्याच्या सगळ्या लवाजम्यासकट एका डब्यात बांधून देणारं 'डॉकर' आलं, आणि सर्व्हर साफ करत बसण्याची पद्धतच मागे पडू लागली. बिघडलं तर आख्खं यंत्र फेकायचं आणि स्वच्छ प्रतीवरून दुसरं उभं करायचं. आपल्या 'फॉरमॅट मारा'चंच हे सुधारलेलं रूप म्हणता येईल, फक्त माहिती आधीच वेगळी ठेवल्यामुळे इथे काही बुडत नाही. पण नुसतं यंत्र बंद केलं म्हणजे सुटलो असंही नाही. त्याला जोडलेली डिस्क मागे राहू शकते, आणि तिचं बिल महिनोन्‌महिने येत राहतं.

साध्या वापरकर्त्याला मात्र क्लाउडने जुन्याच प्रश्नापुढे नव्याने उभं केलं आहे. फोनमधून अ‍ॅप काढलं तर जातं ते फक्त दार. तुमचं खातं, फोटो, पत्ते, खरेदीचा इतिहास सगळं दूरच्या सर्व्हरवर जिथल्या तिथे. म्हणून ३० जून २०२२पासून अ‍ॅपलने अट घातली, अ‍ॅपमध्ये खातं उघडता येत असेल तर ते अ‍ॅपमधूनच मिटवताही आलं पाहिजे. बोधचिन्हाच्या अटीचीच ही पुढची पिढी. युरोपात माहिती पुसून घेण्याचा हक्क २०१८पासून आहे, आपल्या २०२३च्या डिजिटल वैयक्तिक माहिती संरक्षण कायद्यातही तो लिहिलेला आहे.

आधीपासून घालून दिलेल्या अ‍ॅपचं भांडण मात्र अजून मिटलेलं नाही. युरोपात मार्च २०२४पासून बड्या कंपन्यांना ती काढू द्यावी लागतात. भारतीय स्पर्धा आयोगाने ऑक्टोबर २०२२मध्ये गूगलला १,३३७.७६ कोटींचा दंड ठोठावताना तसंच बजावलं होतं. मार्च २०२३मध्ये अपील न्यायाधिकरणाने दंड कायम ठेवला आणि नेमका तो निर्देश रद्द केला. २०२५च्या अखेरीस 'संचार साथी' हे सरकारी अ‍ॅप प्रत्येक नव्या फोनमध्ये घालण्याचा आदेश निघाला, तेव्हाही देशभर पहिला प्रश्न हाच विचारला गेला, की ते काढता येईल ना? काही दिवसांत आदेश मागे घेतला गेला. विचारलं नसतं तर तो तसाच राहिला असता.

तेव्हा फोनमधलं एखादं अ‍ॅप आज काढणार असाल, तर आधी त्याच्या सेटिंगमध्ये जा, 'डिलीट अकाउंट' शोधा, ते पूर्ण करा, आणि मगच अ‍ॅप काढा. तो पर्याय सापडला नाही तर कंपनीच्या तक्रार अधिकाऱ्याला लेखी विचारा.