बटण आणि दगड

परवा लेकीला गाडी शिकवत होतो. सोळा पूर्ण झालीत, इथे मिनेसोटात त्या वयात लायसन्स मिळतं. डॅशबोर्डवरच्या एका बटणावर बोट ठेवून तिने विचारलं, "बाबा, हे कशाला असतं? घसरणारी गाडी सावरणारी यंत्रणा बंद कशाला करायची?"

उत्तर देता देता मी एकदम २००९च्या जानेवारीत जाऊन पोचलो. तेव्हा ही जेमतेम दोन महिन्यांची होती. तिला बघायला आई-अण्णा साताऱ्याहून आले होते. अण्णांनी तीस वर्षं एसटी चालवली, त्यातली बरीचशी घाटात. ते शेजारच्या सीटवर बसले की माझी पाठ आपोआप ताठ व्हायची.

त्या संध्याकाळी वाणसामान घेऊन बाहेर आलो, तर गाडीपुढे बर्फाचा हा ढीग! गाडी सुरू करून ॲक्सिलरेटर दाबला. इंजिन जरा गुरगुरलं आणि मलूल झालं. पुन्हा दाबला, पुन्हा तेच. डॅशबोर्डवर पिवळा दिवा लुकलुकत होता. शेवटी एका वयस्कर गृहस्थांनी काचेवर टकटक करून 'टीसी ऑफ' लिहिलेलं बटण दाखवलं. ते दाबलं, गाडी मागे-पुढे झुलवली, चाकं फर्रकन फिरली, बर्फ उडाला आणि सुटलो एकदाचे.

"म्हणजे इतका वेळ गाडीच तुला अडवत होती होय?" अण्णा म्हणाले.

अगदी तसंच होतं. एका चाकाची पकड सुटली की ते नुसतंच गरगरतं, आणि साध्या डिफरन्शियलमुळे दुसऱ्या चाकालाही तेवढाच तोकडा जोर मिळतो. ट्रॅक्शन कंट्रोल हे ओळखतं आणि इंजिनचा जोर कमी करतं किंवा त्या चाकाला ब्रेक लावतं. ओल्या रस्त्यावर हे फार चांगलं. पण खोल बर्फात, वाळूत किंवा चिखलात चाकं थोडी फिरू दिल्याशिवाय गाडी हलतच नाही. तिथे ही यंत्रणा भल्यासाठी म्हणून गळा धरते.

नंतर मी याचा इतिहास शोधला, आणि तो मजेशीर निघाला. १९७१ साली अमेरिकेत ब्यूकने 'मॅक्सट्रॅक' नावाची सोय काढली होती. मागची चाकं पुढच्यांपेक्षा जास्त वेगाने फिरू लागली की इंजिनचं इग्निशन क्षणभर तोडायचं, एवढीच करामत. ती फार टिकली नाही. खरा पाया घातला गेला १९७८ साली, बॉशचं एबीएस मर्सिडीजच्या एस-क्लासमध्ये आलं तेव्हा. चाकांचा वेग मोजणारे सेन्सर एकदा बसले की त्यांच्याकडून दुसरं कामही करून घेता येतं. ऐंशीच्या दशकाच्या उत्तरार्धात महागड्या गाड्यांत ट्रॅक्शन कंट्रोल आलं. १९९५ साली त्याच्या पुढची पायरी आली, ती ईएसपी. म्हणजे गाडी भलत्या दिशेला वळू लागली तर एकेका चाकाला ब्रेक लावून तिला सरळ करणं. १९९७ साली एका स्वीडिश मासिकाच्या चाचणीत मर्सिडीजची छोटी ए-क्लास उलटली, आणि कंपनीने त्या मॉडेलमध्ये ईएसपी सरसकट द्यायला सुरुवात केली. महागड्या गाडीतली वस्तू अशी छोट्या गाडीत उतरली.

शर्यतींच्या जगात मात्र उलटाच वाद होता. गाडी कोण चालवतंय, माणूस की कॉम्प्युटर? फॉर्म्युला वनने १९९४ साली ट्रॅक्शन कंट्रोलवर बंदी घातली. पण कोण चोरून वापरतंय हे पकडणं इतकं कठीण होतं, की २००१ साली ते पुन्हा चालू द्यावं लागलं. २००८ साली सगळ्यांना एकच ठरावीक कंट्रोल युनिट दिलं गेलं, तेव्हा कुठे बंदी खऱ्या अर्थाने लागू झाली.

तर, त्या संध्याकाळची गोष्ट इथे संपत नाही. सुटलो या आनंदात मी तसाच निघालो. अण्णांसमोर जरा रुबाबही दाखवायचा होता. घराजवळच्या वळणावर, जिथे रस्ता काचेसारखा झाला होता, मी बाहेर पडताना नेहमीसारखा ॲक्सिलरेटर दाबला. स्टिअरिंग डावीकडे आणि गाडी सरळ! समोरच्या बर्फाच्या बांधात जाऊन थांबलो. कुणाला लागलं नाही. पण बांधाच्या जागी समोरून येणारी गाडी असती तर?

थोडा वेळ कोणीच बोललं नाही. मग अण्णांनी विचारलं, "मघाचं ते बटण परत चालू केलंस का?"

केलं नव्हतं. 'बंद आहे' सांगणारा दिवा सगळा रस्ताभर समोर जळत होता.

अण्णा रागावले नाहीत. म्हणाले, "घाटात गाडी बंद पडली की लोक चाकाखाली दगड लावतात. लावावाच लागतो. पण गाडी चालू झाली की सगळे खुशीत निघून जातात, आणि दगड रस्त्यातच राहतो. रात्री मागून येणारा मोटरसायकलवाला त्यावर जातो. दगड लावणारा वाईट नसतो रे, विसरतो फक्त."

पुढे मी अमेरिकेतला नियम वाचला आणि थक्क झालो. १ सप्टेंबर २०११ पासून बनणाऱ्या नव्या मोटारींत ईएससी, म्हणजे त्याच ईएसपीचं नियमातलं नाव, सक्तीचं झालं. ट्रॅक्शन कंट्रोलचं बटण बहुतेक गाड्यांत त्याच्याशीच जोडलेलं असतं. ईएससी बंद करायचं बटण द्यायला नियमाची हरकत नाही. अट एवढीच, की बंद असेपर्यंत दिवा जळला पाहिजे, आणि इंजिन बंद करून पुन्हा सुरू केलं की यंत्रणा आपोआप चालू झाली पाहिजे. माणसाला यंत्रापेक्षा जास्त कळू शकतं हे त्या नियमाने मान्य केलंय. आणि माणूस विसरतो, हेसुद्धा. जणू दगड उचलायचं काम गाडीवरच सोपवलंय.

पण तेही इंजिन बंद केल्यावरच. मी त्या रात्री ते बंद केलंच कुठे होतं?

असो. लेकीला एवढंच सांगितलं, की अडकलीस तर बटण जरूर दाब, पण सुटलीस की पहिलं काम ते परत दाबायचं. मग पुढे जायचं. ती म्हणाली, "एवढी साधी गोष्ट, त्यात काय?"

मलाही तसंच वाटलं होतं.