कांसा खडकावर, जानेवारी 1675

मुरूडच्या किनाऱ्यावरून निघालेली होडी तुम्हाला कांसा बेटाला आणून लावते. बेट कसलं, समुद्रातून वर आलेला खडकच. उतरताना सांभाळा, शेवाळावरून पाय सटकतो. भिंतीजवळ चुना मळला जातोय. गवंडी वर बघतसुद्धा नाहीत. त्यांना भरतीच्या आत थर पुरा करायचाय. समोर जंजिरा, हबशी सिद्दीचा जलदुर्ग. सिद्दीची गलबतं तिथून कधी सुटतील याचा नेम नाही, म्हणून दौलतखान आणि दर्यासारंग यांचं मराठा आरमार राखणीला आहे.

शिवाजी महाराजांनी पद्मदुर्ग इथेच बांधायला घेतला, तो मुद्दाम जंजिऱ्याच्या नजरेसमोर.

या खडकावर काही पिकत नाही. तांदळाचा दाणाही होडीतूनच यायचा. तुम्ही कुणालाही विचारा, अडचण काय? तुम्हाला वाटतं, तो जंजिऱ्याकडे बोट दाखवेल. तो दाखवतो दक्षिणेकडे, प्रभावळीकडे. तिथले सुभेदार जिवाजी विनायक. आरमाराला ऐवज आणि गल्ला पोचवायचा हुकूम त्यांना केव्हाच गेलाय. पोचलेलं काहीच नाही. आजच्या सरकारी इमारतीच्या एखाद्या ठेकेदाराला हे सांगा, त्याला नवल वाटायचं नाही. बिलं थकतात तेव्हा पहारेकऱ्यापासून मुकादमापर्यंत सगळ्यांचं पोट थकतं.

याच महिन्यात महाराजांचं पत्र सुटतं. ते वाचणाऱ्या कारकुनाच्या खांद्यावरून डोकावून बघा. मायना संपताच सूर चढतो. आरमार तिथे खोळंबलंय आणि तुम्ही रसद देत नाही. हबशांनी काही देऊन तुम्हाला आपलंसं केलं की काय, असा थेट संशय. ब्राह्मण म्हणून कुणी गय करील या भ्रमात राहू नका, अशी तंबीही आहे. इतकं कडक पत्र महाराजांनी शत्रूला नव्हे, आपल्याच अधिकाऱ्याला लिहिलं. मला यातली सगळ्यांत मोलाची गोष्ट ही वाटते: किल्ल्याचं काम अडलं तर राजाने तोफांआधी हिशेब तपासला.

आता एका पावलात साडेतीनशे वर्षं ओलांडा आणि त्याच भिंतीवर हात फिरवा. खाऱ्या वाऱ्याने दगड झिजून खोल गेलेत. त्यांच्यामधला चुना मात्र कडेला उभाच आहे, जाळीसारखा. मघाशी वर न बघणाऱ्या त्या गवंड्यांचं हे काम.

जंजिरा मराठ्यांच्या हाती कधीच आला नाही. सिद्दीचं ते संस्थान थेट 1948 मध्ये भारतात विलीन झालं. त्यामुळे पर्यटकांची गर्दीही तिकडेच. मुरूडला गेलात तर पद्मदुर्गाचीही चौकशी करा. होडी भरती-ओहोटी बघूनच ठरवा, पावसाळ्यात जाऊ नका, आणि त्या चुन्यावर नाव कोरू नका.