स्वयंपाकघर चारला बंद

सकाळी १०.३०
(उपाशी बसायला दहा तास)

रेडिंगहून गाडी निघाली. पुढे नवरा आणि काका, मागे मी, मावशी आणि मावशीची पिशवी. ऑक्टोबरातला रविवार आणि नेमकी संकष्टी. मावशीने निघताना राजगिऱ्याचे दोन लाडू आणि चहा एवढंच घेतलं होतं. फोनवरच्या पंचांगात इथला चंद्रोदय साडेसातच्या जरा आधीचा होता. त्यानंतर ती साधं, गरम काहीतरी जेवणार होती. तिचं म्हणणं एवढंच की अंडं नको, मांसाच्या भांड्यातलं नको.

काकांनी इंग्लंडकडे एकच गोष्ट मागितली होती. बिग बेन नाही, राजवाडा नाही. जुन्या पबात एक रात्र राहायचं. म्हणून कॉट्सवोल्ड्समधल्या एका खेड्यातला पब ठरवला. फोटोत काळ्या तुळया, पेटलेली शेकोटी, शेकोटीपुढे पसरलेला कुत्रा. खाली मजकूर: पारंपरिक इंग्रजी जेवण, मुक्काम, न्याहारीसह. यातलं एकही अक्षर खोटं नव्हतं, हे पुढचं वाचताना ध्यानात ठेवावं.

दुपारी १.१५

बायबरी. आर्लिंग्टन रो ही १३८० सालची लोकर साठवायची वखार, सतराव्या शतकात विणकरांची घरं झाली. मधाच्या रंगाचा दगड, समोर ओढा, आणि फोटोसाठी उभी असलेली अर्धी दुनिया. आम्ही तिघांनी गाडीत बसून सँडविच खाल्ली. मावशी पाणी प्यायली आणि म्हणाली, छान आहे, पण या घरांतून माणसं राहतात का नुसतीच?

दुपारी २.४५

वाटेत मोठं सुपरमार्केट लागलं. मावशीने सुचवलं, दोन केळी आणि दही घेऊन ठेवू या. पार्किंगला गाड्यांची रांग होती. पब इथून अर्ध्या तासावर, लागलंच काही तर संध्याकाळी येऊ, असं ठरलं.

इथे पहिला खिळा ठोकला गेला. १९९४ च्या कायद्याप्रमाणे इंग्लंडात २८० चौरस मीटरपेक्षा मोठ्या दुकानाला रविवारी सलग सहाच तास उघडं राहता येतं, तेही सकाळी दहा ते संध्याकाळी सहाच्या आत. हे दुकान दहाला उघडलं होतं. म्हणजे चारला बंद. शहरात राहणाऱ्याला हा कायदा जाणवत नाही, कारण कोपऱ्यावरचं छोटं दुकान रात्री अकरापर्यंत चालू असतं. खेड्यात कोपरा असतो, त्यावर दुकान नसतं.

दुपारी ३.५०
(स्वयंपाकघर बंद व्हायला दहा मिनिटं)

पबात पाऊल टाकलं तेव्हा आत पाय ठेवायला जागा नव्हती. इंग्रज माणूस रविवारच्या दुपारी काय करतो, ते काकांना एका नजरेत दिसलं. प्रत्येक ताटात बीफचे काप, त्यावर तपकिरी ग्रेव्ही, भाजलेले बटाटे, गाजर, पार्सनिप, आणि यॉर्कशायर पुडिंग. पुडिंग म्हणायचं, पण ते गोड नसतं. अंड्या-दुधाच्या पिठाची फुगलेली वाटीच ती. टेबलांखाली ओले कुत्रे. फोटोतला कुत्रा मात्र दिसला नाही.

किल्ली बारवरच मिळते. रिसेप्शन नावाचा प्रकार पबात सहसा नसतो. तिथल्या मुलीच्या एका हातात तीन रिकामी ताटं होती. दुसऱ्या हाताने किल्ल्या देत तिने विचारलं, "आत्ता जेवणार आहात का?"

नवरा म्हणाला, "आत्ता नको. रात्री जेवू."

ती गोड हसली, "लव्हली," म्हणाली आणि ताटं घेऊन आत गेली.

नंतर या प्रसंगाची आम्ही चौघांनी पुष्कळ चिरफाड केली. काकांच्या मते मुलीने फसवलं. मला तसं वाटत नाही. रविवारी पबचं स्वयंपाकघर दुपारी बंद होतं, ही गोष्ट तिच्या लेखी सांगायचीच नव्हती. सूर्य पश्चिमेला मावळतो हे कोणी पाहुण्याला सांगत बसत नाही. आम्ही रात्री जेवू म्हणालो, म्हणजे दुसरीकडे कुठेतरी जेवणार असू, असं तिने धरलं. आमच्या खासगी बेतात नाक खुपसणं तिच्या संस्कारात नव्हतं. कोल्हापूरच्या एखाद्या खाणावळीत हाच प्रश्न आला असता, तर मागोमाग "चारला चूल विझते बघा, मग बोंबलू नका" हेही आलं असतं.

दुपारी ४.१५

खोली वरच्या मजल्यावर. जिना इतका उभा की मावशी हात टेकत चढली. जमीन खिडकीकडे कललेली. पाण्याची बाटली आडवी ठेवली तर घरंगळत भिंतीला लागत होती. बेसिनला दोन वेगळे नळ, एकाला उकळतं पाणी, दुसऱ्याला बर्फाचं. खिडकीला एकच काच, तिच्या फटीतून वारा. ही इमारत वारसा यादीतली, दुसऱ्या श्रेणीची, त्यामुळे जुनी खिडकी काढून दुहेरी काचेची बसवायची तर नगरपालिकेची वेगळी परवानगी लागते, आणि ती सहजी मिळत नाही. काकांना हे ऐकून आनंदच झाला. स्वेटरवर कोट चढवून ते म्हणाले, "वा! अस्सल आहे."

किटलीशेजारी चहाच्या पिशव्या, दुधाच्या अंगठ्याएवढ्या डब्या आणि शॉर्टब्रेडची दोन पाकिटं. प्रत्येकात दोन बिस्किटं.

संध्याकाळी ५.०५

खाली आलो. गर्दी ओसरली होती. काका शेकोटीजवळच्या टेबलाशी ताठ बसून वेटरची वाट पाहू लागले. बराच वेळ कोणी फिरकलं नाही. पबात टेबलाशी कोणी येत नाही. आपण बारवर जायचं, मागवायचं, तिथेच पैसे द्यायचे आणि ग्लास स्वतः उचलून आणायचे. रांग दिसत नाही, पण कोणाच्या आधी कोण आलं ते तिथे टेकलेल्या प्रत्येकाला ठाऊक असतं.

नवऱ्याने दोन पाइंट आणले. एक पाइंट म्हणजे ५६८ मिलिलिटर. हातपंपाने ओढलेली ही एल बिअर तळघरातून येते, अकरा ते तेरा अंशांवर. काकांनी पहिला घोट घेऊन हळूच विचारलं, फ्रिज बिघडलाय का यांचा? तरी अर्धा ग्लास संपेपर्यंत त्यांचं मतपरिवर्तन झालं, आणि नवऱ्याने दुसरा पाइंट घेतला.

एवढ्यात आतून भाजलेल्या बटाट्यांचा वास आला. भांड्यांचा, काट्याचमच्यांचा आवाज. हसणं. काका खूश होऊन म्हणाले, "रात्रीची तयारी सुरू झाली वाटतं."

दुसरा खिळा तो पाइंट. इंग्लंडात वाहनचालकाच्या १०० मिलिलिटर रक्तात ८० मिलिग्रॅमपर्यंत मद्यार्क चालतो, पण दोन पाइंटांनंतर हिशेब करत बसणारा माणूस शहाणा नव्हे. इथला विमा सहसा नाव घातलेल्या चालकांपुरताच असतो, आणि आमच्या विम्यावर एकट्या नवऱ्याचं नाव होतं. साडेपाचच्या सुमारास आमची गाडी शोभेची वस्तू झाली होती आणि आम्हाला त्याचा पत्ता नव्हता.

संध्याकाळी ६.३०

मी मेनू मागायला गेले. दुपारची मुलगी घरी गेली होती. तिच्या जागी आलेल्या मुलाला खरोखर वाईट वाटलं. "सॉरी, रविवारी किचन चारला बंद होतं."

मागे फळा होता, त्यावर हे लिहिलेलंही होतं. आम्ही आलो तेव्हा त्याच्यापुढे आठ जणांचं कुटुंब कोट घालत उभं होतं.

जॉर्ज ऑर्वेलने फेब्रुवारी १९४६ मध्ये 'ईव्हनिंग स्टँडर्ड'मध्ये आपल्या आदर्श पबाचं वर्णन लिहिलं, 'द मून अंडर वॉटर'. पब काल्पनिक, पण त्या नावाचे खरे पब नंतर निघाले. तर त्याच्या त्या स्वप्नातल्या पबातही रात्रीचं जेवण मिळत नाही. दुपारचं मिळतं, तेही आठवड्यातून सहा दिवस. एरवी सँडविच, चीज, लोणची. पब पिण्याची जागा आहे आणि जेवण हे मागून आलेलं पाहुणं. उत्तम जेवणासाठी पबात जायचं, ही कल्पना लंडनच्या फॅरिंग्डन रोडवरच्या 'ईगल'ने १९९१ मध्ये रुजवली. म्हणजे पारंपरिक पबात पारंपरिक रात्रीचं जेवण, ही परंपरा माझ्याहून लहान आहे.

आता तर तीही जड होते. अनेक पबचालक भाडेकरू असतात. इमारत कंपनीची आणि बिअरही तिच्याकडूनच, ती म्हणेल त्या भावाने घ्यायची. जेवणावर २० टक्के व्हॅट, विजेची बिलं, आणि स्वयंपाकी मिळत नाहीत. २००० साली ब्रिटनमध्ये ६०,००० च्या आसपास पब होते, आता ४५,००० च्या आसपास आहेत. उरलेल्यांनी रविवारी चारला चूल विझवली, तर मी त्यांना नावं ठेवणार नाही. पण हे सगळं मावशीला कसं सांगायचं?

संध्याकाळी ७.२५

चंद्रोदय. आकाश पूर्ण झाकलेलं. मागच्या पार्किंगमध्ये, कचऱ्याच्या चाकवाल्या डब्यांशेजारी, मावशी पूर्वेकडे तोंड करून उभी राहिली. पंचांगाच्या वेळेवर भरवसा ठेवून तिने अथर्वशीर्ष म्हटलं. हालचाल टिपणारा दिवा दर अर्ध्या मिनिटाने विझायचा, मग काका हात हलवून तो पुन्हा लावायचे. नैवेद्य शॉर्टब्रेडचा. पाकिटावरचे घटक मी दोनदा वाचले: मैदा, लोणी, साखर, मीठ.

संध्याकाळी ७.४०

फोनाफोनी. जवळच्या गावात 'इंडियन' रेस्टॉरंट उघडं होतं. इथली बहुतेक अशी रेस्टॉरंटं सिल्हेटी बांगलादेशी कुटुंबांनी उभी केली आहेत, आणि रविवारी रात्री इंग्लंडला जेवू घालतात ते बरेचदा हेच. मालक आपुलकीने बोलला. डाळ आहे, भात आहे, सगळं आहे. पण घरपोच फक्त पाच मैलांपर्यंत, आणि आम्ही अकरा मैलांवर. टॅक्सीवाल्याने सांगितलं, रविवारी गाडी हवी असेल तर आदल्या दिवशी कळवा. बस रविवारी नव्हतीच. चालत जावं तर रस्त्याला ना फुटपाथ ना दिवे, दोन्ही बाजूंना उंच कुंपणं, आणि ताशी साठ मैलांच्या वेगाने येणाऱ्या गाड्या.

रात्री ८.३०
(शून्य)

पबात क्विझ सुरू झालं होतं. बारमागे खाण्याजोगं जे काही होतं त्याची यादी त्या मुलाने इमानदारीने दिली: बटाट्याचे क्रिस्प्स, खारे शेंगदाणे, डुकराच्या कातडीचे कुरकुरीत तुकडे आणि व्हिनेगरच्या बरणीतली उकडलेली अंडी. काकांनी एक अंडं घेतलं, चावलं आणि पुढे बराच वेळ बोलले नाहीत.

मी क्रिस्प्सची पाकिटं इथल्या पद्धतीने शिवणीवर फाडून टेबलाच्या मधोमध उघडी पसरली. दिवसभराचा उपास मावशीने मीठ-व्हिनेगरच्या क्रिस्प्सनी सोडला. पहिला तुकडा तोंडात टाकताच तिचे डोळे मिटले.

"आंबट आहे गं," ती म्हणाली. "संकष्टीला आंबट." आणि मग भूक जिंकली.

रात्री १०.४०

खोली क्विझच्या बरोब्बर वर. कोणता संघ जिंकला ते आम्हाला अंथरुणातून कळलं.

सोमवार, सकाळी ८.४५

न्याहारी समाविष्ट होती, म्हणून सगळे आशेने उतरलो. टेबलावर प्लास्टिक चढवलेलं कार्ड: सोमवारी शेफ येत नाही. कॉर्नफ्लेक्स, पाव, टोस्टर, जॅम. मावशीने चार टोस्ट खाल्ले आणि कालच्या मुलाला बोलावलं. तो आता गाळायच्या यंत्राशी कॉफी करत होता.

"याला विचार," ती मला म्हणाली. "काल दुपारी एवढे बटाटे भाजले होते. उरलेले गेले कुठे?"

मी जमेल तितक्या सौम्यपणे विचारलं. त्यालाही वाईट वाटू नये अशी माझी इच्छा होती.

"ते होय?" तो म्हणाला. "स्टाफचं जेवण पाचला असतं."